साठीनंतर जलरंग हातात घेतलेल्यांसाठी : तुम्ही कुठली जमीन काढता?

कुकडीकाठ

साठीनंतर आपलं आपण शिकून जलरंगात निसर्गचित्रं काढणारे आता गावोगाव दिसतात. व्हॉट्सॅपच्या ग्रुपांवर रोज नवी चित्रं येतात. त्यात वाईचा घाट असतो, बनारस असतं, पावसात भिजलेली युरोपातली गल्ली असते. हात बऱ्याच जणांचे चांगले आहेत, पण काढणाऱ्याचं स्वतःचं गाव मात्र चित्रांत क्वचितच सापडतं. मला हे फार लागतं, म्हणून हा धागा.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नोकरीचा बराचसा काळ जुन्नर तालुक्यात गेला आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरीची परीक्षा. इंटरमिजिएटच्या वेळी रंगांना पैसे नव्हते, विषय तिथेच संपला. तो निवृत्तीनंतर पुन्हा उघडला.

मोजणीला आता रोव्हर आणि टोटल स्टेशन ही इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत. आम्ही कामाला लागलो तेव्हा प्लेन टेबल होतं. तिपाईवर बसवलेला लाकडी फळा, त्यावर ताणून लावलेला कागद आणि डोळा लावून नेम धरायची पट्टी. शेताच्या कोपऱ्यावर झेंडा उभा करायचा, पट्टीतून तो पकडायचा आणि तिथल्या तिथे रेघ मारायची. नकाशा बांधावर, उन्हात तयार व्हायचा. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा. या कामाने मला उघड्यावर कागद धरून बसायची सवय लावली. जागेवर चित्र काढताना मागे माणसं जमतात म्हणून पुष्कळ जण बुजतात. माझ्या पाठीमागे दोन भाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आलेले असायचे आणि मला रेघ सरळ मारावी लागायची. त्यामुळे गुराख्याची दोन पोरं मागे येऊन उभी राहिली तर मला सोबतच वाटते.

त्याच कामाचा एक अडसरही आहे, आणि तो एकट्या मोजणीवाल्यांचा नाही. शेत चौकोनी आहे हे मला ठाऊक असतं, म्हणून हात ते वरून पाहिल्यासारखं चौकोनी काढायला जातो. माणिकडोहच्या जलाशयाचं पाणी किती लांब पसरलंय हे माहीत असतं, म्हणून कागदावर निम्मी जागा पाण्याला जाते. काठावर बसून खरोखर पाहिलं तर ते सगळं पाणी डोळ्याला बोटभर रुंदीच्या पट्टीएवढं दिसतं. माहिती एक सांगते आणि डोळा दुसरंच. चित्र काढताना डोळ्याचं ऐकायचं. त्यासाठी जुनाच उपाय आहे: हात ताठ लांब करायचा, एक डोळा मिटायचा, ब्रशच्या दांड्यावर अंगठ्याने डोंगराची उंची धरायची आणि तीच आडवी करून रुंदीशी ताडायची. हडसरचा किल्ला असा मोजला की कळतं, तो आपल्या मनातल्यापेक्षा कितीतरी पसरट आणि बुटका आहे.

आपण सगळ्यांनी शाळेत एकच निसर्गचित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, नागमोडी नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. जुन्नरचे डोंगर या चित्रात बसतच नाहीत. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून इथे आधी उतार, मग कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा आणि वर सपाट माथा. शिवनेरी बघा, चावंड बघा. जीवधनशेजारच्या वानरलिंगीसारखा सुळका विरळा. हा डोंगर काढायला त्रिकोण सोडून आडव्या रेघांकडे यावं लागतं. मी उताराचा रंग आधी ओला भरतो, तो पूर्ण वाळू देतो आणि मग चपट्या ब्रशने, जवळजवळ कोरड्या रंगात, कड्याची पट्टी एका ओढीत मारतो. खडबडीत कागदावर रंग तुटत तुटत बसतो आणि त्या तुटण्यातच कातळ दिसायला लागतो. एकदा मारली की परत हात लावायचा नाही.

उतारांचा रंग तर दर महिन्याला बदलतो. भाद्रपदात हिरवा, दिवाळीनंतर पिवळा, शिमग्यापर्यंत पार करडा आणि वणवा गेला असेल तर काळा. कडा मात्र तोच, जांभळट काळा. पावसात ओला झाला की निळसर. नाणेघाटाकडे तोंड करून बसलं तर एकामागे एक चार-पाच रांगा दिसतात आणि प्रत्येक मागची रांग पुढच्यापेक्षा फिकी आणि निळी. सगळ्यात मागची काढताना ब्रशात रंग आहे की नुसतं पाणी, अशी शंका यावी इतका पातळ रंग लागतो.

मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या मुलाचा हात विशीत तयार होतो. तसा हात आपल्याला आता मिळेल असं मी म्हणत नाही. पण एका मुलखात आयुष्य काढल्यावर कुठल्या ओढ्याला कधी पाणी येतं, कुठल्या बांधावर पूर्वी आंबा होता, कुठली जमीन खडकाळ आणि कुठली काळी, हे जे अंगात मुरलेलं असतं ते कुठल्याही वर्गात मिळत नाही. उशिरा सुरू करणाऱ्याचं भांडवल तेच. ते बाजूला ठेवून आपण दुसऱ्याच्या फोटोवरून व्हेनिस का काढावं?

तुम्ही काय काढता, कुठे बसता, काय अडतं, ते लिहा.

---

पाटीपेन्सिल

काका, लेख फार आवडला. पण वाईला नावं ठेवू नका, मी तिथली आहे! माझ्यासाठी वाई म्हणजेच ओळखीची जमीन. अडचण घाटाची नाही. वाईजवळच्या मेणवलीला आलेला प्रत्येक जण त्याच पायऱ्यांवर बसून तोच कोन काढतो, ही अडचण आहे. तिथून पाठ फिरवली की हळदीची रानं आहेत, वरंबे आहेत, मागे पांडवगड आहे. तिकडे तोंड करून बसलेला चित्रकार मी क्वचितच पाहिला.

मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून साहित्याबद्दल लिहिते. नव्याने सुरू करणारे रंगांवर खर्च करतात आणि कागद स्वस्तातला घेतात. उलटं करा. रंग साधे चालतील, पण कागद जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आणि जमल्यास पूर्ण सुती घ्या. साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की फुगतो, मध्ये तळी साचतात, रंग कडेला जाऊन डाग पडतात. मग माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. खरं तर तो कागद कोणालाच जमू देणार नाही. चित्र बिघडलं तर टाकू नका, मागच्या कोऱ्या बाजूवर नुसते वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सलग थर, घालायचा सराव करा.

आणि पेटीतला काळा रंग विसरून जा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र करा. निळा जास्त घातला तर पावसाळी ढग मिळतो, सिएना जास्त घातला तर तापलेला कातळ. काका म्हणतात तो जांभळट कडा हवा असेल तर त्यात कणभर लाल. या दोन ट्यूबमध्ये निम्मा सह्याद्री आहे.

---

माळरान

लेख चांगला आहे, पण एक मुद्दा पटत नाही. फोटोवरून काढलं तर बिघडलं कुठे? माझे गुडघे गेलेत, दोन तास दगडावर बसणं शक्य नाही. बायपासही झालेली आहे. घरी टेबलावर टॅब ठेवून काढतो आणि मला त्यात खूप आनंद मिळतो. उशिरा सुरू करणाऱ्यांची शरीरं उशिराचीच असतात, हे लक्षात घ्यायला हवं.

---

कुकडीकाठ

माळरान, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. फोटो वापरूच नये असं मी म्हणणार नाही, फक्त तो आपण स्वतः, आपल्या जागी उभं राहून काढलेला असावा. आणि मोबाईल काय करतो ते ओळखून असावं. आभाळ उजळ असेल तर तो आभाळ सांभाळतो आणि झाडाखालची सावली काळी ठिक्कर करून टाकतो. डोळ्याला त्या सावलीत निळा दिसतो, जमिनीवरून उसळलेला तांबूस उजेड दिसतो. फोटोवरून काढणाऱ्यांच्या सावल्या म्हणून मेलेल्या वाटतात. शिवाय लांबचे डोंगर मोबाईलमध्ये आणखी बुटके होतात.

यावर मी करतो तो उपाय सांगतो. जागेवर दहा मिनिटं पुरतात, गाडीत बसूनही चालतं. खिशातल्या वहीत पेन्सिलीने तळहाताएवढं रेखाटन करायचं आणि त्यावर रंग शब्दांत लिहायचे: “सावली निळी-जांभळी”, “गवत उजेडात जवळजवळ पांढरं”, “मागची रांग आभाळाइतकीच फिकी”. घरी फोटो आकारासाठी बघायचा आणि रंगासाठी वही.

---

खारावारा

मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये असतो. हा धागा वाचून आल्फ्रेड वॉलिसबद्दल लिहावंसं वाटलं.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्हज नावाचं मासेमारीचं गाव आहे. वॉलिस तरुणपणी समुद्रावर होता, नंतर गावात बोटींचं भंगार आणि सामान विकायचा. १९२२ मध्ये बायको गेली. त्यानंतर, सत्तरीच्या आसपास, त्याने चित्रं काढायला सुरुवात केली. कुठलंही शिक्षण नाही. वाण्याकडून मिळालेले पुठ्ठ्याचे तुकडे, वेडेवाकडे फाटलेले, आणि बोटींना लावायचा रंग. पुठ्ठ्याच्या आकारातच चित्र बसवायचं. १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे दोन शिकलेले चित्रकार त्याच्या दारावरून जाताना थांबले, आणि पुढे निकल्सनच्या कामावर या म्हाताऱ्याचा ठसा उमटला.

मला इथे सांगायचंय ते वेगळंच. वॉलिस समोर बघून काढत नसे. शिडाची जहाजं संपत आली होती आणि तो त्याच्या आठवणीतला समुद्र काढत होता. त्याच्या चित्रात महत्त्वाचं जहाज मोठं, बिनमहत्त्वाचं घर छोटं. काही ठिकाणी बंदर वरून दिसतं आणि त्यातच होडी बाजूने दिसते. म्हणजे कुकडीकाठ ज्याला अडसर म्हणतात तेच, माहितीने डोळ्यावर केलेली मात! आणि ती चित्रं जबरदस्त आहेत. प्रत्यक्ष पाहिली तेव्हा मी बराच वेळ हललो नव्हतो. करडा, पांढरा, गडद हिरवा, काळा, एवढ्याच रंगांत पाणी किती गार आहे हे कळतं.

मग भूकरमापकाने शेत वरून पाहिल्यासारखं काढलं तर ते दाबायचं कशाला? तुमच्याकडे ते आहे, आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

---

पाटीपेन्सिल

खारावारा, मुद्दा विचार करायला लावणारा आहे. पण वॉलिस तसं काढायचा कारण त्याला तसंच काढायचं होतं. हडसर हडसरसारखा दिसावा ही काकांची इच्छा आहे. ज्याला जे हवंय त्याने ते शिकावं. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस यांचंही असंच. शेतावर आयुष्य गेलं, भरतकाम करायच्या, सांधेदुखीने सुई धरवेना म्हणून सत्तरीनंतर ब्रश धरला. १९३८ मध्ये एका औषधाच्या दुकानाच्या काचेत ठेवलेली त्यांची चित्रं एका संग्राहकाच्या नजरेला पडली, आणि १०१ व्या वर्षी, १९६१ मध्ये गेल्या तोपर्यंत जगभर नाव झालं होतं. त्यांनीही आपल्या भागातली शेतं, बर्फ, मेपलचा पाक काढायची लगबग, हेच काढलं. इथे तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात.

---

कुकडीकाठ

खारावारा, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. वॉलिसची चित्रं नेटवर पाहिली. पुठ्ठ्याचा कोपरा कापलेला आहे तर जहाज तसंच तिरकं बसवलंय, हे पाहून अंगावर काटा आला.

दाबायचं कशाला, या प्रश्नाला आज माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक करून बघणार आहे. माणिकडोहच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनी जुन्या गावनकाशांवर आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून बांधांच्या रेघा वर येतात. ते काठावरून दिसतं तसं एकदा काढीन आणि नकाशात आहे तसं एकदा. कदाचित दोन्ही एकाच कागदावर.

---

अबोली

मी कल्याणला राहते, नर्सची नोकरी करून निवृत्त झाले. धागा वाचताना आनंदही झाला आणि थोडं वाईटही वाटलं. तुम्हा सगळ्यांना जमीन आहे. माझं माहेर सुटलं, सासरचं गाव कधी पाहिलंच नाही, सगळं आयुष्य लोकल, वॉर्ड आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली यात गेलं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आणि पत्रे दिसतात. मी काय काढायचं?

दुसरं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालं, आधी एका डोळ्याचं. आता दोन डोळ्यांना दोन वेगळे रंग दिसतात. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने भिंत निळसर पांढरी, दुसऱ्याने तीच चहासारखी. चित्र काढताना कुठल्या डोळ्यावर विश्वास ठेवू?

---

खारावारा

अबोलीताई, तुमच्या आधी हा प्रश्न फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला पडला होता! १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदू असल्याचं निदान झालं, शस्त्रक्रियेला तो घाबरत राहिला, शेवटी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची केली. मधल्या काळातली त्याच्या बागेची चित्रं लाल-तपकिरी होत गेलेली आहेत. नंतर त्याला सगळं निळंच दिसतं अशी तक्रार होती आणि तो रंगीत काचांचे चष्मे वापरून बघायचा. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड आत कमी येतो. नवं भिंग बसलं की तो एकदम परत येतो. दुसऱ्या डोळ्याचंही झालं की दोन्ही जुळतील. तोपर्यंत एकच टाकी दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी काढून ठेवा. ही संधी परत येणार नाही.

---

कुकडीकाठ

अबोलीताई, ज्या पत्र्यांकडे तुम्ही इतकी वर्षं बघताय ते तुमच्याइतके कोणाला माहीत आहेत? जमीन म्हणजे सातबाऱ्यावर असलेलीच जमीन, असं मला म्हणायचं नव्हतं. लेखातून तसं वाटलं असेल तर ते इथे स्पष्ट करतो. पावसाळ्यात गंजलेला पत्रा बर्न्ट सिएनाचा असतो आणि त्यावर पसरलेलं निळं प्लास्टिक अल्ट्रामरीनचं. पाटीपेन्सिलबाईंनी सांगितलेले दोन्ही रंग तुमच्या खिडकीत आहेत. बाहेर जावंसं वाटलं तर दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडी आहे. ओहोटीच्या वेळी चिखलात उजेड पडतो तो काढायला कठीण आणि फार सुंदर.

कोणी हसेल का, घरचे काय म्हणतील, हा विचार करू नका. वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या बाईला एवढं धाडस सहज आहे.

---

ताम्हण

एक सावधगिरीची सूचना करतो, कारण या वयातल्या लोकांना याचा ताप जास्त होतो. चित्रं फेसबुकवर टाकायला लागलात की “आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे” असे मेसेज येतात. मग प्रवेश शुल्क, मग प्रमाणपत्राचं शुल्क, मग पुस्तकात चित्र छापायचं शुल्क. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी बरेच पैसे भरले. हातात आली ती एक प्लॅस्टिकची ट्रॉफी. ज्या स्पर्धेत कोणीच नाकारलं जात नाही तिथे निवड झाली असं म्हणण्यात अर्थ नाही.

चित्रं लोकांनी पाहावीत ही इच्छा चांगलीच आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून. त्यांच्या प्रदर्शनांसाठी चित्रं पाठवता येतात. तिथेही शुल्क असतं, पण चित्रं निवडली जातात आणि नाकारलीही जातात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत एकट्याचं प्रदर्शन करायचं तर फार आधी अर्ज करून वाट पाहावी लागते. माझं विचाराल तर पहिलं प्रदर्शन गावच्या वाचनालयात करा. ज्यांची शेतं काढलीत ती माणसं बघायला येतील.

---

माळरान

वहीचा उपाय करून पाहिला. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बसल्या जागी रेखाटन केलं. सावलीत खरंच निळा होता. फोटोतला काळा आणि वहीतला निळा शेजारी ठेवल्यावर फरक कळला. गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही. धन्यवाद, कुकडीकाठ.

एक शंका: आमच्याकडे पावसाळ्यात चित्रांवर बारीक तपकिरी ठिपके येतात, फ्रेम केलेल्या चित्रांवरसुद्धा. आणि बैठकीच्या खोलीत लावलेल्या एका चित्रातला गुलाबी रंग जवळजवळ उडालाय. काय करावं?

---

पाटीपेन्सिल

ठिपके बुरशीचे आहेत. चित्र काचेला चिकटून बसवलं की दमट हवेत ओल आत अडकते. फ्रेम करताना मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, म्हणजे काच आणि कागद यांत फट राहते. माउंटचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कागद पिवळा पडतो. पाठीमागे फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहील. ज्या भिंतीच्या पलीकडून पाऊस मारतो तिथे चित्र लावूच नका. कोरा कागदही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. ओल धरलेल्या कागदाचं साइझिंग (पाणी लगेच मुरू नये म्हणून दिलेली खळ) जातं आणि मग त्यावर रंग टिपकागदावर पडावा तसा शोषला जातो.

गुलाबी उडाला तो बहुतेक अॅलिझरिन क्रिमसन असणार. तो उन्हात टिकत नाही. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो पीआर ८३ असेल तर तोच. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन गटातला गुलाबी घ्या, पीव्ही १९ लिहिलेला. पांगारा, गुलमोहर काढणाऱ्यांनी हे मुद्दाम बघून घ्यावं. आणि रंग कितीही चांगला असला तरी जलरंगाचं चित्र थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये.